आमचे हे आणि माझी बंदूक

नवराबायकोत दोन-चार न मिटणारे वाद असावेत. निवृत्तीनंतर दुपार फार मोठी होते. आमच्याकडे ते पुरेसे होते: पंखा दोनवर की तीनवर, आमटीत गूळ किती, डोंबिवलीचा ब्लॉक विकायचा की भाड्याने द्यायचा. कोकणात राहायला आल्यापासून मात्र हे सगळे वाद मागच्या पडवीत गेले आणि एकाच विषयाने माजघर व्यापलं. घरात बंदूक घ्यायची की नाही?

मला घ्यायची आहे. ह्यांना नको आहे.

हे सांगितलं की माणसं हमखास उलटं ऐकतात. एका बारशाला कोणा बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "पुरुषांना असते हो हौस, आपल्याला मेलं धडधडतं." मी त्यांना सांगितलं, की कॉलेजात मी एनसीसीत होते, पॉइंट २२ रायफल चालवलेली आहे, आणि आमच्या घरात धडधडण्याचं खातं पहिल्यापासून ह्यांच्याकडे आहे. बाईंनी हात काढून घेतला.

आमचं घर सिंधुदुर्गात, गावाच्या टोकाला. पुढे खळं, मागे माडांची बाग, बागेपलीकडे व्हाळ आणि व्हाळापलीकडे पहिला शेजार. पावसाळ्यात व्हाळ भरला की शेजार नुसता दिसतो. वीज गेली की तोही दिसत नाही. मध्यंतरी पलीकडच्या गावात चाकरमान्यांची बंद घरं फोडण्याची साथ आली. तांब्याची घंगाळं गेली, समया गेल्या, एकाच्या विहिरीवरचा पंप गेला. एका घरात तर चोरांनी चुलीवर चहा करून घेतला आणि कपबशा तशाच खरकट्या टाकून गेले. त्यावरून पंचक्रोशीतल्या बायकांचं चोरांविषयीचं मत कायमचं वाईट झालं.

त्याच आठवड्यात रात्रीची जेवणं झाल्यावर मी विषय काढला. हे दात कोरत होते. काडी थांबली.

"कोण चालवणार?"

"मी."

काडी पुन्हा सुरू झाली. "बघू," म्हणाले.

ह्यांची उभी नोकरी बँकेत गेली. बँकेतला माणूस कधीही नाही म्हणत नाही, तो कागदपत्रं मागतो. तेव्हा 'बघू' हा नकार नसून फाईल उघडल्याची खूण आहे, हे मला कळायला हवं होतंच आणि कळलंही. दुसऱ्या दिवशी हे तालुक्याला गेले आणि शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ छापून, पंच करून, दोरीने बांधून घेऊन आले. समासात पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. तिन्हीसांजेला शुभंकरोती झालं की आमच्या पडवीत कलमांचं वाचन होऊ लागलं.

ह्यांच्या बंदुकीविषयीच्या भीतीचं मूळ त्या बँकेतच आहे. शाखेच्या दाराशी स्टुलावर एक माजी सैनिक डबल बार घेऊन बसत. बंदूक मांडीवर आडवी, आणि तिचं तोंड नेमकं ह्यांच्या टेबलाकडे. ती भरलेली असते का, हे विचारायचं ह्यांनी अनेकदा ठरवलं आणि विचारलं नाही. "हो म्हणाला असता तर टेबल हलवावं लागलं असतं, नाही म्हणाला असता तर बँकेची काळजी लागली असती." पुढे बदली झाली. नव्या शाखेत ह्यांनी मुद्दाम दाराच्या दुसऱ्या अंगाचं टेबल मागून घेतलं. तिथला रखवालदार डावखुरा निघाला.

माझा अनुभव याच्या अगदी उलट. एनसीसीच्या कॅम्पात पालथं झोपून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या घालायच्या असत. निशाणाच्या मधोमध लागण्यापेक्षा पाचही जवळजवळ लागणं महत्त्वाचं. त्याला ग्रुपिंग म्हणत. माझं ग्रुपिंग पाहून सुभेदारसाहेबांनी तो कागद इतर मुलींना दाखवला होता. हा कागद मी लग्नात बरोबर आणला होता. इतक्या वर्षांनी तो ट्रंकेतून काढून ह्यांच्यासमोर ठेवला.

ह्यांनी चष्मा लावून तो उजेडात धरला, भोकांतून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छानच आहे. पण हा कागद आहे. हा जागेवर उभा होता आणि याच्या हातात पहार नव्हती."

आता या फायलीतलं थोडं. वाचकांपैकी कोणाला उद्या इच्छा झाली तर उपयोगी पडेल.

आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्त परवाना देतात. आमच्यासारख्यांना ओरोसला जिल्हाधिकारी. अर्ज नमुना ए-१. वय २१ पूर्ण हवं, ते मी करून बराच काळ लोटला. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली. शस्त्र सुरक्षितपणे कसं हाताळायचं याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. वरातीत नाचण्याचीसुद्धा माझी ख्याती नाही.

"आता कारण," हे म्हणाले. पेन्सिल तयार होती. "तुझ्या जिवाला नेमका कोणापासून धोका आहे?"

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. मी म्हटलं, "दर वर्षी एक तुकडी धरा."

ह्यांनी खरोखरच लिहून घेतलं आणि मग खोडलं. "नावं द्यावी लागतील. आणि त्यातला एखादा तिकडे कचेरीतच नोकरीला असेल."

पुढचा रकाना पोलीस चौकशीचा. जवळच्या ठाण्याकडून अहवाल जातो. हवालदार येऊन शेजाऱ्यांना विचारतात, की अर्जदाराचा स्वभाव कसा, कोणाशी भांडणतंटा आहे का. आमचे शेजारी म्हणजे व्हाळापलीकडचे तात्या. त्यांच्या कोंबड्या माझ्या अळूत शिरल्या तेव्हा मी काठावर उभी राहून काय काय बोलले, ते त्यांना पाठ आहे. शिमग्याला ते त्याची नक्कल करतात.

त्यानंतर डॉक्टरचा दाखला. अर्जदाराचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य ठीक आहे, त्याला कसलं व्यसन नाही, असा.

"डॉक्टर देतील," हे म्हणाले. त्यांनी पान उलटलं. "नवऱ्याला विचारण्याची तरतूद कुठे दिसत नाही. हा मसुद्यातला दोष आहे."

खरंच आहे ते. कायद्याने मला ह्यांची संमती लागत नाही. सत्यनारायणाला बसताना लागतात, बंदूक घेताना नाही. पण बंदूक जिथे ठेवायची ते घर ह्यांच्या आजोबांचं, कपाट ह्यांच्या आईचं, आणि त्या कपाटाचं दार कुठे उचलून धरलं की उघडतं ते फक्त ह्यांना माहीत. तेव्हा कायदा काहीही म्हणो.

मी माघार घेतली नाही. मी स्वसंरक्षणाच्या हक्कावर आले. ह्यांना वाटलं होतं तेवढं मी वाचलं नसेल. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३४ ते ४४ ही कलमं खाजगी बचावाची आहेत. स्वतःच्या शरीराचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि ४१व्या कलमात स्पष्ट आहे, की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून आत शिरलं तर बचावाचा हक्क अगदी त्याच्या जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतो. मी हे वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं.

"सदतिसावं वाच," हे म्हणाले.

सदतिसावं असं, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही.

"म्हणजे असं बघ. चोर आला. आधी घड्याळ बघायचं, सूर्य मावळला का. मग त्याने घर फोडलंय की उघड्या दारातून आलाय ते बघायचं. आपलं मागचं दार तू कधी लावतेस? मग ठाण्याला फोन करून येताय का विचारायचं. मग गरज किती आहे ते मोजायचं. आणि हे सगळं अंधारात. पुढे कोर्टात वकील विचारणार, की बाई, चोराची पाठ होती की तोंड?" इतकं सलग हे आमच्या लग्नातसुद्धा बोलले नव्हते. "आणि आपल्याकडे सुपारी चोरतात ती भरदुपारी, तू झोपलेली असताना. तेव्हा हे कलम लागूच नाही."

माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये असतो. तो आपली बाजू घेईल म्हणून मी रविवारी फोन स्पीकरवर ठेवला. त्याच्याकडे पिस्तूल आहे. दुकानात गेला, केंद्र सरकारचा एक फॉर्म भरला, दुकानदाराने पार्श्वभूमीची तपासणी करून घेतली आणि तो पिस्तूल घेऊन घरी आला. तेवढ्या वेळात वहिनीची शेजारच्या दुकानातली वाणसामानाची खरेदीसुद्धा झाली नव्हती. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल अंगावर बाळगायला वेगळा परवानाही लागत नाही. मी ह्यांच्याकडे विजयाने पाहिलं.

"ठेवतोस कुठे?" ह्यांनी विचारलं.

"तिजोरीत. बोटाच्या ठशाने उघडते."

"कोणाच्या?"

पलीकडे जरा शांतता. मग वहिनीचा आवाज आला, "माझ्या नाही. मी तेव्हाच सांगितलं, मला त्यात ओढू नका." भावाने विषय बदलून पावसाचं विचारलं. पण वहिनीने फोन सोडला नाही. मुलगा लहान असताना कोणाकडे खेळायला जायचा तर ती आधी त्या घरी फोन करून विचारत असे, की तुमच्याकडे बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का. तिथे आया असं विचारतात आणि कोणाला राग येत नाही. ह्यांनी हे फायलीत टिपून ठेवलं. माझ्या माहेरच्या माणसांचं काहीतरी ह्यांनी टिपून ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

मग मी 'निर्भीक'चं अस्त्र काढलं. कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने २०१४ साली खास बायकांसाठी म्हणून हे रिव्हॉल्व्हर काढलं. पॉइंट ३२, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं. दिल्लीतल्या 'निर्भया' घटनेनंतर काढलं म्हणून नावही तसं दिलेलं. त्याची पेटी दागिन्याच्या पेटीसारखी, किरमिजी रंगाची. कोणत्या बाईने ती पेटी सरकारकडे मागितली होती मला माहीत नाही. पण पेटीचा फोटो मी ह्यांना दाखवला. म्हटलं, जरा मऊ पडतील.

"किंमत?"

"तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती."

बँकेचा माणूस जागा झाला. "त्या वर्षी सव्वा लाखात चार तोळे सोनं येत होतं. ते तू घेतलं असतंस तर आज त्याचे किती झाले असते काढ. आणि बंदुकीचे किती झाले असते काढ. शिवाय सोन्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागत नाही."

इथे मी सरळ विचारलं, की मग तुम्ही मला ते चार तोळे का नाही घेतलेत? त्या संध्याकाळी कलमवाचन झालं नाही.

चर्चा अशी अडली की गावात मध्यस्थ लागतो. आमचा मध्यस्थ म्हणजे तात्याच, कारण त्यांच्या घरात वडिलांच्या वेळेपासून परवान्याची बंदूक आहे. सिंधुदुर्गात अशा शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरोघर नाहीत, पण वाडीत एखादी सापडतेच. कायद्यातही या बिचाऱ्या बंदुकीला जरा मायेने वागवलंय. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक मागणाऱ्याला परवाना मिळण्याची वाट थोडी सरळ आहे. रिव्हॉल्व्हरवाल्याकडे मात्र सरकार भुवया उंचावून बघतं.

तात्या आम्हाला प्रात्यक्षिक दाखवायला तयार झाले. निमित्त होतंच, माडावर माकडं बसली होती. शहाळी पाडून अर्धी खाऊन टाकून देत होती. तात्यांनी माळ्यावरून बंदूक काढली. त्यांच्यापेक्षा थोडीच बुटकी. दस्त्याला सुतळी गुंडाळलेली. त्यांनी ती खळ्यात उभी धरली, नळीचं तोंड वर. डबीतून दारू अंदाजाने ओतली. मग काथ्याचा बोळा कोंबला. मग लोखंडी गज आत घालून ठासायला लागले. ठक, ठक, ठक. गज उडून परत हातात आला की ठासणी बरोबर बसली. मग छऱ्याचे दाणे तळहातावर मोजून घेतले, त्यातले दोन परत डबीत टाकले. "महाग झाले," म्हणाले. पुन्हा काथ्या, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून त्याच्याखाली केप बसवायची. ती तांब्याची टिकली बोटातून निसटून खळ्यात पडली. आम्ही तिघंही ओणवून शोधू लागलो. सापडली तुळशीपाशी.

एवढ्या वेळात माकडांनी एक माड संपवून दुसरा घेतला होता. त्यांतलं एक थोराड माकड शेंड्यावर बसून आमच्याकडे एकटक बघत होतं. ठासणीचा कार्यक्रम त्याने याआधी पाहिला असावा. तात्यांनी नेम आभाळाकडे धरला, कारण प्राण्याला मारायचं नसतंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि तो तात्यांना पाठ आहे. बार निघाला. माझ्या कानात शिट्टी वाजू लागली. ह्यांनी पडवीचा खांब धरला. माकडं निवांत पलीकडच्या बागेत गेली, म्हणजे आमच्या.

"आवाज मोठो व्हयो, बस," तात्या धुरातून म्हणाले. "आता ती फाल्या येतली."

मी विचारलं, "आणि चोर आला तर?"

तात्या विचारात पडले. हा उपयोग त्यांना कधी सुचलाच नव्हता. "चोराक आदी सांगूक व्हया, वैनी, की बाबा थोडो वेळ बस."

ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी मुलाच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पण तात्यांनी खरा घाव घातला तो चहा पिताना. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची हे एक समिती ठरवते. निकाल लागला की ती परत मिळतात. २०२४ साली आधी लोकसभा झाली, मग विधानसभा. शिवाय आपल्याकडे जिल्हा परिषद आहे, पंचायत समिती आहे, ग्रामपंचायत आहे. लोकशाही जिवंत असलेल्या देशात बंदुकीला घरी फार राहायला मिळत नाही. आणि काजू-आंब्याचा मोसम आणि उन्हाळ्यातल्या निवडणुका अगदी एका मुहूर्तावर येतात.

"माकडांका आचारसंहिता लागणा नाय," तात्या म्हणाले. दोडामार्गाकडच्यांचं दुःख तर आणखी मोठं. तिकडे कर्नाटकातून हत्ती येतात, आणि हत्तीला ठासणीच्या आवाजाचं काय वाटणार!

परत येताना साकवावर ह्यांनी विचारलं, "चोरांना लागते का गं, आचारसंहिता?" मी उत्तर दिलं नाही. साकवावर बोलू नये, तोल जातो.

तरीही मी माझ्या मुद्द्यावर होते, म्हणून ह्यांनी शेवटचा प्रस्ताव मांडला. बँकेत दरोड्याची रंगीत तालीम होत असे, तशी घरी घ्यायची. मला तो मान्य झाला, कारण मला जिंकण्याची खात्री होती.

नियम ह्यांनी आखले. बंदूक म्हणून छत्री. काडतुसं म्हणून फणसाच्या आठळ्या. बंदूक माजघरातल्या लोखंडी कपाटाच्या चोरखणात कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या जागी, कारण दोन्ही एकत्र ठेवायची नाहीत हे शहाणपणाचं. ह्यांनी देवघराखालचा खण सुचवला. काडतुसं देवाच्या पायाशी ठेवायला मी नकार दिला, तेव्हा तांदळाच्या डब्यामागची जागा ठरली. चोर हे स्वतः होणार होते. डोक्याला पंचा बांधून, बॅटरी घेऊन मागच्या दाराने येणार. वेळ रात्रीची, दिवे बंद.

कडी वाजली. मी उठले. पहिला चष्मा. तो उशीखाली नव्हता, कारण पुस्तक वाचता वाचता झोपले होते, म्हणजे तो पुस्तकात. चष्मा सापडल्यावर कपाटाची चावी. ती भिंतीवरच्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते. मात्र त्या खिळ्याला मांगराची, ट्रंकेची, डोंबिवलीच्या ब्लॉकची आणि एक कशाचीच नसलेली अशा चाव्या एकाच जुडग्यात आहेत. अंधारात सगळ्यांचे दात सारखे लागतात. कपाट उघडलं ते नेहमीसारखं किंचाळत. चोरखणाची चावी पर्समध्ये, पर्स पुढच्या खोलीत. पुढच्या खोलीत जायला चोराच्या बाजूने जावं लागत होतं. "या, या," चोर म्हणाला आणि त्याने मला वाट दिली.

मी छत्री घेऊन तांदळाच्या डब्यापाशी पोहोचले तेव्हा चोर स्वयंपाकघरात पाटावर बसलेला होता. मांडीवर लाडवांचा डबा. तो डबा मी कुठे ठेवते हे ह्यांना उजेडात कधी सापडलेलं नाही. मी आठळ्या शोधल्या, छत्री रोखली आणि "हात वर!" म्हणाले.

"आधी गिळू का?" चोराने विचारलं.

छत्री बटणाची होती. माझं बोट चापावर असावं तसं बटणावर होतं. ती उघडली आणि फडताळावरची दोन भांडी खाली आली. त्यांचा आवाज मात्र तात्यांच्या बारापेक्षा मोठा झाला. व्हाळापलीकडे दिवा लागला आणि तात्यांनी हाक मारून विचारलं, काय झालं. म्हणजे शेजार जागा होतो, हे त्या तालमीतून सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अहवाल लिहिला. ऑडिटचा असतो तसा, मुद्द्यांना क्रमांक घालून. चोर या काळात समई, पंप आणि लाडू घेऊन जाऊ शकला असता. उघड्या कपाटातली बंदूकही त्यालाच मिळाली असती, आणि घरात विकून पैसा होईल अशी तीच सर्वांत चांगली वस्तू होती. माझं म्हणणं, की यात बंदुकीचा दोष नाही, चाव्यांचा आहे. बंदूक भरून उशाशी ठेवली तर हा सगळा वेळ वाचतो.

"मे महिन्यात नातवंडं येतात," हे म्हणाले. फाईल बाजूला ठेवून म्हणाले, कलम न सांगता. "धाकट्याने गेल्या वर्षी आठळी नाकात घातली होती."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

मध्यंतरी बाकीची डागडुजी मात्र झाली. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा बसवला. खळ्यात माणूस फिरकला की आपोआप लागणारा दिवा लावला. तो मांजरालाही लागतो, आणि त्यामुळे गावातल्या सर्व मांजरांचा रात्रीचा दिनक्रम आम्हाला कळला आहे. तात्यांच्या कुत्रीचं एक पिल्लू आणलं. ते चोरावर भुंकेल की नाही सांगता येत नाही, पण ठाण्यातून हवालदार सहज आले होते तेव्हा त्यांच्यावर भुंकलं. खंडेनवमीला मी विळी, कोयता, कुदळ, पहार मांडून पूजा करते तेव्हा एक जागा मोकळी ठेवते. हे त्या जागेवर आपलं जुनं पेन आणून ठेवतात.

नमुना ए-१ चा अर्ज भरून तयार आहे. फोटो चिकटवलेला आहे, प्रशिक्षण कुठे घ्यायचं तेही बघून ठेवलंय. 'शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था' एवढाच मजकूर भरायचा राहिलाय, कारण तिजोरी घेतली तर तिची चावी कोणाकडे राहणार, यावर आमचं एकमत होत नाही. हे म्हणतात ह्यांच्याकडे, म्हणजे बंदूक कधीच बाहेर निघणार नाही. मी म्हणते माझ्याकडे, म्हणजे ह्यांना झोप लागणार नाही. वाचकांपैकी ज्या कोणाच्या घरी परवान्याची बंदूक आणि नवराबायको दोन्ही एकत्र नांदत असतील, त्यांनी कृपया कळवावं. चावी कुठे असते ते अजिबात लिहू नये, फक्त त्यावर एकमत कसं झालं तेवढं लिहावं. पाकिटावर माझं नाव घालावं. ह्यांच्या नावाने आलं तर ते फायलीला लागेल.